पाठीतल्या पाण्याचा हिशेब

पत्र : ताई, माझं वय ३१. हिशेबतपासणीचं काम करते. सात महिन्यांपूर्वी डाव्या डोळ्याला धूसर दिसायला लागलं, डोळा हलवला की दुखायचं. एमआरआयमध्ये मेंदूत आणि मानेच्या मज्जारज्जूत डाग दिसले. मग पाठीतून पाणी काढलं. रिपोर्ट असा : ऑलिगोक्लोनल बँड (अँटिबॉडीचे पट्टे) सीएसएफमध्ये (पाठीतल्या पाण्यात) ७, सीरममध्ये (रक्तात) ०, आयजीजी इंडेक्स ०.८२, पेशी ९. मल्टिपल स्क्लेरोसिसचं (एमएस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूवर उलटते तो आजार) निदान झालं आणि ओक्रेलिझुमॅब सुरू झालं. ओळखीच्या एका रुग्ण मैत्रिणीला १२ बँड आहेत, म्हणजे माझा आजार तिच्यापेक्षा सौम्य का? गेल्या महिन्यात चुलतभावाच्या आग्रहाने २४ घटकांची ‘इम्यून प्रोफाइल’ करून घेतली. त्यात आयएल-६ (दाहाचा निरोप नेणारं प्रथिन) वाढलेलं आणि बी पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या कुळातल्या पांढऱ्या पेशी) शून्य, दोन्हींपुढे लाल बाण. भाऊ म्हणतो, आयएल-६ उतरवणारी पावडर मिळते. डॉक्टर म्हणाले, त्या रिपोर्टकडे दुर्लक्ष करा. पाठीतलं पाणी पुन्हा तपासू म्हटलं, तर त्यालाही नको म्हणाले. आकडाच नसेल तर आजार वाढतोय की थांबलाय हे मला कळणार कसं? अश्रू आणि लाळेतूनही तपासणी होते असं वाचलं, ते खरं का?

उत्तर :

दोन लाल बाणांपैकी एक खरं तर हिरवा हवा होता, तिथूनच सुरुवात करू. ओक्रेलिझुमॅबचं काम काय, तर सीडी२० ही खूण अंगावर असलेल्या बी पेशी शोधून मारायच्या. रक्तात त्या उरल्या की नाही हे प्रयोगशाळा सीडी१९ या दुसऱ्या खुणेवरून मोजते. तुमच्या रिपोर्टात शून्य आलंय, म्हणजे औषध अंगात पोचलं आणि कामाला लागलं. प्रयोगशाळेच्या संगणकाला तुम्ही काय औषध घेता हे ठाऊक नसतं. तो बिचारा निरोगी माणसाच्या आकड्याशी तुलना करतो आणि बाण काढून मोकळा होतो. तुम्ही मात्र तो बाण महिनाभर उशाशी घेऊन झोपलात, याचं मला वाईट वाटलं. ज्याने ही तपासणी विकली त्याने एवढी एक ओळ लिहायला हवी होती.

आता पाठीतलं पाणी. हिशेबाच्या माणसाला इंडेक्स आधी सांगते, कारण त्यात शुद्ध गणित आहे आणि मला स्वतःला ते फार आवडतं.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती साधारण १५० मिलिलिटर पाणी असतं. दिवसाला जवळपास ५०० मिलिलिटर नवं तयार होतं आणि जुनं शोषलं जातं. या पाण्यात थोडं आयजीजी, म्हणजे अँटिबॉडी, निरोगी माणसातही असतं, कारण रक्तातून ते किंचित झिरपतं. मग पाण्यात सापडलेलं आयजीजी रक्तातून झिरपलेलं की मेंदूच्या आत तयार झालेलं, हे ओळखायचं कसं? त्यासाठी अल्ब्युमिन कामी येतं. अल्ब्युमिन फक्त यकृतात बनतं. त्यामुळे पाठीच्या पाण्यात जेवढं अल्ब्युमिन आहे तेवढं सगळं रक्तातूनच आलेलं असणार. ही झिरपण्याची पट्टी. समजा रक्तात अल्ब्युमिन ४००० मिलिग्रॅम आणि पाण्यात २२.४ (दोन्ही दर डेसिलिटरला), तर भागाकार ०.००५६. रक्तात आयजीजी १००० आणि पाण्यात ४.६, तर भागाकार ०.००४६. दुसऱ्याला पहिल्याने भागा : ०.८२. बहुतेक प्रयोगशाळांत ०.७ च्या आसपासची रेषा ओलांडली की म्हणतात, झिरपण्याने एवढं येणं शक्य नाही, काही आयजीजी आतच बनतंय. तुमच्या रिपोर्टातले चारही मूळ आकडे मागून घ्या आणि स्वतः ताडून पाहा, तुम्हाला बरं वाटेल.

या गणितातून एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेलच. रक्ताची नळी नसेल तर पाण्याची नळी अर्धीच बोलते. मी प्रयोगशाळेत होते तेव्हा एकदा एका रुग्णाचं पाणी आलं आणि सोबत रक्त नव्हतं. फोन केला, तर रक्त नऊ दिवसांनी आलं, तेही मधल्या काळात रुग्णाला बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन चढवल्यानंतर. कीर्दीत एका महिन्याचा जमा आणि दुसऱ्या महिन्याचा खर्च मांडावा, तसला प्रकार. तो इंडेक्स आम्ही दिला नाही. रुग्णाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. तुमच्या रिपोर्टवर ‘सीरममध्ये ०’ असं स्वतंत्र लिहिलंय, म्हणजे तुमचं काम व्यवस्थित झालेलं आहे.

बँडमध्ये गणित कमी आणि डोळा जास्त. पाणी आणि रक्त शेजारी-शेजारी जेलवर ठेवून वीज सोडतात. प्रत्येक अँटिबॉडी आपल्या विद्युतभाराप्रमाणे ठरावीक जागी जाऊन थांबते. रक्तात बी पेशींची हजारो कुळं असतात, प्रत्येकाची अँटिबॉडी वेगळी, त्यामुळे जेलवर नुसता सलग धुरकट पट्टा दिसतो, भर बाजारातल्या गलक्यासारखा. एमएसमध्ये मेंदूच्या पडद्याआड मोजकीच कुळं ठाण मांडून बसतात आणि आपापली अँटिबॉडी भरमसाट बनवतात. बंद खोलीत सात जण बोलत असावेत तसे त्यांचे आवाज वेगवेगळे ऐकू येतात, म्हणजेच वेगवेगळे पट्टे दिसतात. पाण्यात आहेत आणि रक्तात नाहीत, याला आम्ही टाइप २ म्हणतो. दोन्हीकडे तेच पट्टे आरशासारखे दिसले तर तो टाइप ४, आणि तो एमएसचा नव्हे. अशा वेळी भानगड शरीरात इतरत्र असते.

सात की बारा? दोन किंवा अधिक सापडले की उत्तर ‘आहेत’. त्यापुढची मोजदाद आजाराचा जोर सांगत नाही. हा आकडा पक्का तरी कुठे असतो? मी स्वतः एकाच जेलवर सकाळी आठ आणि दुपारच्या जेवणानंतर नऊ पट्टे मोजलेत. फिकट पट्टा धरायचा की सोडायचा हे मोजणाऱ्यावर असतं. तुमच्या मैत्रिणीची नळी तुमच्या प्रयोगशाळेत गेली असती तर कदाचित तिचा आकडाही वेगळा निघाला असता. तिच्याशी तुलना कराच, पण डोळे, हात-पाय आणि एमआरआय यांची करा.

पट्टे नसले म्हणून एमएस नाही, असंही नसतं. उत्तर युरोपीय वंशाच्या रुग्णांत ते दहापैकी साधारण नऊ जणांत सापडतात, आशियाई रुग्णांत त्याहून कमी. उलट मेंदूपर्यंत पोचलेला सिफिलिस किंवा गोवरानंतर अनेक वर्षांनी उद्भवणारा एसएसपीई हा मेंदूविकार, यांतही पट्टे दिसतात. गंमत म्हणजे एमएसच्या पाण्यात गॅमा ग्लोब्युलिन वाढतं हे १९४० च्या दशकात एल्विन कॅबट यांच्या कामातून पुढे आलं, तरी हे पट्टे नेमके कशाविरुद्ध आहेत हे अजून कुणालाही पक्कं सांगता आलेलं नाही. २०२२ साली अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदींवरून एप्स्टाइन-बार विषाणूचा एमएसशी संबंध फार ठळकपणे दिसला : संसर्गानंतर धोका सुमारे ३२ पट. तुमचा चुलतभाऊ पुढच्या वेळी या विषाणूच्या अँटिबॉडीची तपासणी सुचवेल म्हणून आधीच सांगून ठेवते, प्रौढांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांत ती असतेच. तुमच्यात सापडली तर नवं काही कळणार नाही.

मग या पट्ट्यांचा तुम्हाला उपयोग काय झाला? मोठाच झाला. एमएस ठरवायला डाग वेगवेगळ्या जागी हवेत आणि वेगवेगळ्या वेळी झालेले हवेत. जागेची अट तुमच्या एमआरआयने पुरी केली. वेळेसाठी पूर्वी दुसऱ्या अटॅकची किंवा नव्या डागाची वाट पाहावी लागे. २०१७ च्या सुधारित मॅकडॉनल्ड निकषांनी सांगितलं की पाण्यात पट्टे असतील तर ते वेळेच्या पुराव्याच्या जागी धरता येतात. तुमचा एकच अटॅक झाला होता, तरी औषध लवकर सुरू होऊ शकलं, त्यात या पट्ट्यांचा हात असणार. आता तर जेलऐवजी कॅपा फ्री लाइट चेन नावाचा अँटिबॉडीचा तुकडा यंत्रावर थेट मोजता येतो आणि अलीकडच्या निकषांनी त्यालाही पट्ट्यांच्या बरोबरीने मान्यता दिली आहे. तिथे डोळ्याने मोजण्याची भानगड नाही, सरळ आकडा मिळतो. तुम्हाला ही चाचणी आवडली असती, पण त्यासाठी पुन्हा सुई टोचून घेऊ नका.

पुन्हा पाणी का काढायचं नाही, ते आता सांगते. पट्टे बनवतात त्या प्लाझ्मा पेशी. बी पेशी पिकली की तिची प्लाझ्मा पेशी होते आणि या पिकण्यात सीडी२० ही खूण गळून पडते. तुमचं औषध सीडी२० शोधतं, म्हणून प्लाझ्मा पेशी त्याच्या हाती लागत नाहीत. बहुतेक रुग्णांत पट्टे आयुष्यभर तसेच राहतात : अटॅक असताना, नसताना, औषध उत्तम चाललेलं असताना, फसलेलं असताना. तुमच्या भाषेत, ही खातं उघडल्याची तारीख आहे, चालू शिल्लक नव्हे. दर तीन महिन्यांनी ती तारीख पुन्हा वाचून काय मिळणार? पेशींचा आकडा, तुमचा ९, जरा बदलता असतो. पाचपर्यंत सर्वसाधारण धरतात, एमएसमध्ये थोड्या वाढतात, आणि ५० च्या वर गेल्या तर आम्हीच निदानावर शंका घेतो. पण त्याही चढउतारावरून औषधाचा निर्णय होत नाही. पाणी पुन्हा काढावं लागतं ते मेंदूत विषाणूचा संसर्ग झाल्याचा संशय आला किंवा निदानच डळमळलं तर. तशी वेळ आलीच तर पेन्सिलच्या टोकासारख्या, पडदा न कापणाऱ्या बारीक सुईने करतात का, एवढं विचारा. नंतरची डोकेदुखी तिने बरीच कमी होते. दिवसभर आडवं पडून राहण्याने मात्र ती टळत नाही, तो समज जुना आहे.

आता भावाची ‘प्रोफाइल’. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

२४ घटक. प्रत्येकाची नॉर्मल कक्षा निरोगी माणसांपैकी ९५ टक्के लोक बसतील अशी आखलेली, असं धरू. म्हणजे निरोगी माणसाचा एक घटक कक्षेत असण्याची शक्यता ०.९५. चोवीसच्या चोवीस कक्षेत असण्याची? ०.९५ चा चोविसावा घात करा, ०.२९ येतं. म्हणजे घटक एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर अगदी ठणठणीत माणसालाही निदान एक बाण येण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या घरात. प्रत्यक्षात हे घटक एकमेकांना धरून चालतात, त्यामुळे आकडा थोडा हलेल, पण मुद्दा तोच राहतो. लेखापरीक्षणात कुणी असा नियम केला की दहापैकी सात प्रामाणिक दुकानदार चोर ठरावेत, तर तुम्ही त्या नियमाचं काय कराल?

त्यातून आयएल-६. व्यायामाने स्नायूंतून ते सुटतं, चरबीतून सुटतं, सर्दीने वाढतं, हिरड्या सुजल्या तरी वाढतं. रक्त काढल्यावर नळी तासन्‌तास तशीच पडून राहिली तर आकडा बिघडतो. आणि समजा अगदी काटेकोर मोजलं, तरी रक्तातलं आयएल-६ तुमच्या मेंदूच्या पडद्याआड काय चाललंय हे सांगत नाही. एमएसचं औषध चाललंय की नाही हे त्यावरून ठरवत नाहीत. डॉक्टरांनी दुर्लक्ष करायला सांगितलं ते बरोबरच होतं, फक्त त्यांनी दोन मिनिटं जास्त देऊन कारण सांगायला हवं होतं.

पावडर घेऊ नका. वाढलेला घटक दिसला की तो खाली ओढायचा, ही समजूत या आजारात एकदा महागात पडली आहे. टीएनएफ हा असाच एक दाहकारक घटक, एमएसमध्ये वाढलेला. त्याला अडवणारं लेनरसेप्ट नावाचं औषध रुग्णांवर तपासलं गेलं. १९९९ साली निकाल छापून आला : औषध घेतलेल्यांना अटॅक जास्त आले आणि लवकर आले. आजही टीएनएफ अडवणारी संधिवाताची औषधं एमएसच्या रुग्णाला देणं टाळतात. पावडरीत तेवढी ताकद नसेलही, पण मग ती घ्यायची कशाला?

रक्तातली एक तपासणी मात्र झाली होती का ते विचारून घ्या : अक्वापोरिन-४ आणि मॉग या दोन अँटिबॉडी. डोळ्याची नस सुजणं आणि मज्जारज्जूत डाग हे एनएमओ आणि मॉग या एमएससारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या आजारांतही होतं, आणि एमएसची काही औषधं एनएमओ बिघडवतात. तुमच्या पाण्यात पट्टे आहेत, जे त्या दोन आजारांत बहुतेकांना नसतात, म्हणून डॉक्टरांना गरज वाटली नसेल तर तेही समजण्यासारखं आहे. इथे गंमत उलटी आहे : पाण्यापेक्षा रक्तच जास्त कामाचं, कारण अक्वापोरिनविरुद्धची अँटिबॉडी मुख्यतः बाहेर बनते आणि मग आत शिरते.

अश्रू आणि लाळेबद्दल तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. अश्रूंत पट्टे शोधण्याचे आणि लाळेत फ्री लाइट चेन मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. सुईपेक्षा कुणालाही हे आवडेल. पण अश्रू थेंबभर मिळतात आणि डोळा चोळला की त्यातलं प्रमाण बदलतं. लाळेत तोंडातल्या प्रत्येक जखमेची भर पडते. ही संशोधनाची गोष्ट आहे, तुमच्या फाइलमध्ये लावायची नव्हे.

तुम्हाला हवाय तसा आकडा म्हणून सगळ्यात जवळ येणारी गोष्ट आहे न्यूरोफिलामेंट लाइट चेन. तो प्रतिकारशक्तीचा घटक नाही, चेतातंतूच्या सांगाड्याचा तुकडा आहे. तंतू मोडला की तो पाण्यात आणि तिथून अगदी थोडा रक्तात येतो. रक्तातलं प्रमाण पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागात मोजावं लागतं. पूर्वी ते शक्य नव्हतं, आता यंत्रं आहेत. अटॅकनंतर आकडा वाढतो, काही महिने वर राहतो, औषध लागू पडलं की उतरतो. शेकडो रुग्णांच्या सरासरीत हे चित्र फार सुंदर दिसतं. एकट्या माणसात तितकं नाही : वयाबरोबर तो वाढतो, वजन जास्त असेल तर कमी दिसतो, मूत्रपिंड मंदावलं किंवा डोक्याला मार बसला तरी चढतो. तुमच्या डॉक्टरांकडे याची सोय असेल आणि दर वेळी एकाच प्रयोगशाळेत होणार असेल, तर करायला माझी हरकत नाही. तो एमआरआयच्या सोबतीला चालेल, त्याच्याऐवजी नाही.

आणि ज्याचं उत्तर आलं तर खरोखर काही बदलेल, असं एक मोजमाप तुमच्या औषधासाठी आहे : रक्तातलं एकूण आयजीजी. हे औषध वर्षानुवर्षं चाललं की काहींमध्ये ते हळूहळू उतरतं आणि छातीचे, लघवीचे संसर्ग वारंवार होऊ लागतात. तसं झालं तर डॉक्टर औषधाचं अंतर वाढवायचा, ते बदलायचा किंवा थांबवायचा विचार करतात. पुढच्या इन्फ्युजनच्या आधी हा आकडा घ्या, आणि सुरुवातीचा कुठे नोंदलेला आहे का तेही शोधा. आजारावर नजर ठेवायला एक वही करा, तिच्यात पहिली ओळ या आकड्याची. शेजारी प्रत्येक संसर्गाची तारीख आणि घेतलेली अँटिबायोटिक.

दुसरी ओळ एमआरआयची, डॉक्टर सांगतील त्या अंतराने : नवे डाग किती, एवढंच. तिसरी ओळ लक्षणांची. नवं लक्षण ताप नसताना २४ तासांपेक्षा जास्त टिकलं तर वहीत लिहून थांबू नका, फोन करा. तापात किंवा कढत पाण्याच्या आंघोळीनंतर जुनंच लक्षण तासभर डोकं वर काढतं, तो अटॅक नसतो.

चौथी ओळ तुमची स्वतःची, आणि हीच दर तीन महिन्यांनी भरा. २५ फूट अंतर शक्य तेवढं भरभर, पण सुरक्षित चालायचं आणि सेकंद मोजायचे. दोनदा चाला, सरासरी लिहा. एमएसच्या औषधांच्या चाचण्यांमध्येही हेच मोजतात, आणि वेळ २० टक्क्यांहून अधिक बदलली तर ती दखल घेण्याजोगी मानतात. समजा आज ५ सेकंद लागले, तर ६ च्या पुढे गेल्यावर डॉक्टरांना दाखवायचं, ५.३ झाले म्हणून रात्र जागवायची नाही. चपला दर वेळी त्याच, वेळ सकाळचीच, अंगात ताप नसताना. अंतर टेपने मोजा, पावलांनी नको, आणि अडीच-तीन पावलं आधीपासून पळत येऊन सुरुवात करायची नाही : रेषेवर उभं राहायचं आणि मगच घड्याळ सुरू.